निधीचं वर्ष आणि पावसाचं वर्ष

पूर्व आफ्रिकेतल्या कोरड्या, पशुपालकांच्या मुलखात पाऊस दोनदा येतो. मोठा मार्च ते मे, धाकटा ऑक्टोबर ते डिसेंबर. जनावरं कुठे चारायची, कधी विकायची, मुलं शाळेत किती महिने टिकणार, हे सगळं या दोन हंगामांवर ठरतं. मदत देणाऱ्यांचं वर्ष मात्र त्यांच्या त्यांच्या राजधानीत सुरू होतं. अमेरिकी सरकारचं 1 ऑक्टोबरला, ब्रिटिश सरकारचं एप्रिलमध्ये, युरोपीय संघाचं जानेवारीत. अशा एका मुलखात पाणी, स्वच्छता आणि रोख मदत असा तीन वर्षांचा कार्यक्रम मी प्रस्तावापासून ते शेवटच्या सामानाच्या यादीपर्यंत चालवला. त्याच्या आधी आणि नंतरही अशी कामं केली, पण हा कार्यक्रम पुन्हा पुन्हा आठवतो, कारण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक भांडणाच्या मुळाशी ही दोन कॅलेंडरं होती.

सुरुवात प्रस्तावाने होते. डोनर, म्हणजे मदतीचे पैसे देणारा, जाहिरात काढतो आणि सहा-सात आठवड्यांत तीन वर्षांचा आराखडा मागतो. तेवढ्या वेळात वाड्या-वस्त्यांवर जाऊन विचारणं शक्य नसतं, म्हणून प्रस्ताव राजधानीतल्या ऑफिसात लिहिला जातो. गरजांविषयीचं प्रकरण जुन्या अहवालांतून, शेजारच्या संस्थेच्या सर्वेक्षणातून आणि सरकारी आकड्यांतून उभं राहतं. शेजारच्या संस्थेचे आकडे तरी कुठून आलेले असतात, असा शोध मी एकदा घेतला. तिच्या तळटीपेतून मागे जात जात आमच्याच जुन्या अहवालापर्यंत पोहोचलो, आणि मग तो शोध थांबवला.

प्रस्तावाचं हृदय म्हणजे लॉगफ्रेम. हा तक्ता 1969 साली यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेसाठी तयार झाला. पुढे 1980च्या दशकात जर्मनांनी त्याला सगळ्यांनी एकत्र बसून, भिंतीवर कार्डं लावून ठरवण्याची शिस्त दिली, आणि आता जगभर कुठेही जा, तोच तक्ता भरावा लागतो. पहिल्या रकान्यात काय साधायचं, दुसऱ्यात ते कशावरून मोजायचं, तिसऱ्यात पुरावा कुठून आणायचा आणि चौथ्यात गृहीतकं. पहिल्या तीन रकान्यांवर आठवडेच्या आठवडे खल होतो. चौथा शेवटच्या रात्री भरतात. ‘पाऊस सरासरीइतका होईल’, ‘सुरक्षेची स्थिती बिघडणार नाही’, ‘जिल्हा प्रशासन सहकार्य करेल’. ज्या मुलखात दर चार-पाच वर्षांनी पाऊस दगा देतो, तिथे तीन वर्षांच्या कामासाठी हे पहिलंच वाक्य लिहिताना कुणाचाही हात थबकायला हवा. थबकत नाही, कारण त्या रकान्यासमोर बजेटची ओळ नसते. माझ्या मते लॉगफ्रेममधला सर्वांत प्रामाणिक रकाना तोच आहे; कार्यक्रम कुठे मोडणार ते तिथे आपणच लिहून ठेवलेलं असतं.

करारावर सही अपेक्षेपेक्षा पाच महिने उशिरा झाली. त्यात विशेष काही नाही. पण कराराचा शेवटचा दिवस पुढे सरकला नाही, आणि सुरुवातीची स्थिती मोजणारं पायाभूत सर्वेक्षण सहीनंतर 90 दिवसांत व्हायला हवं ही अटही जागची हलली नाही. ते 90 दिवस पडले ऐन कोरड्या हंगामाच्या शेवटी. कळप दूरच्या कुरणांवर, त्यांच्याबरोबर तरुण मंडळी; वस्तीवर म्हातारी माणसं, लहान मुलं आणि त्यांच्या आया. सर्वेक्षकांनी प्रामाणिकपणे मोजलं: घरटी जनावरं कमी, दूध जवळजवळ नाही, उत्पन्न तळाला. तीन वर्षांनी अंतिम सर्वेक्षण झालं ते बऱ्या पावसानंतर, कळप परतलेले असताना. आकड्यांनी झेप घेतली. दोन्ही वेळचे आकडे खरे होते आणि त्यांची तुलना निरर्थक होती. अहवालात मी हंगामाच्या फरकाबद्दल एक परिच्छेद घातला. संपादनात तो परिशिष्टात गेला आणि झेप मुखपृष्ठावर आली.

आधी माणसं जमवण्याबद्दल सांगायला हवं. जिल्ह्याच्या पाणी खात्यात एक तंत्रज्ञ होता. कुठल्या वस्तीवर कोणता पंप, किती खोलीवर, शेवटचा कधी उघडला, हे सगळं त्याला तोंडपाठ आणि एका जाड वहीत लिहिलेलंही. आमच्या जाहिरातीतला पगार त्याच्या सरकारी पगाराच्या तिप्पट होता. त्याने अर्ज केला, निवड झाली, आणि अशा माणसाची निवड न करणं हास्यास्पद ठरलं असतं. वही अर्थातच खात्यातच राहिली. पुढे तिच्यात नोंदी करणारं कुणी उरलं नाही. त्याच वेळी आमच्या लॉगफ्रेममध्ये ‘जिल्हा पाणी खात्याची क्षमतावृद्धी’ हे एक उद्दिष्ट होतं, आणि त्यासाठी हॉटेलात कार्यशाळा होत्या. कार्यशाळेला कोण येतं हे भत्त्यावर ठरतं, म्हणून ज्याला पंपाचं काही देणंघेणं नाही असा वरिष्ठ येतो आणि ज्याच्या हाताला वंगण लागलेलं असतं तो मागे राहतो. 2005 साली पॅरिसमध्ये देणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांनी मिळून जाहीरनामा केला होता: कार्यक्रमाची मालकी घेणाऱ्या देशाची, यंत्रणा त्याच्या, हिशेब एकमेकांना. 2010पर्यंत गाठायची 13 लक्ष्यं ठरली. मुदत संपली तेव्हा जागतिक पातळीवर त्यांतलं फक्त एक गाठलं गेलं होतं. आमच्या जिल्ह्यात बसून पाहताना त्या आकड्याचं मला नवल वाटलं नाही.

आता पंप. या कामात बोअर मारणं हा फोटोचा भाग. रिगचा ट्रक, उडणारा चिखल, पहिलं पाणी, टाळ्या. तो आमच्याकडे अवघड झाला तो एका साध्या कारणाने: पैसे ऑक्टोबरात येत आणि पाऊसही ऑक्टोबरात येई. काळ्या चिकण मातीत रिगचा ट्रक अडकला की आठवडाभर तिथेच. म्हणून काम जानेवारीत सुरू व्हायचं, मार्चमध्ये थांबायचं, आणि जूननंतर पुन्हा धावायचं, कारण सप्टेंबरअखेर खर्च दाखवायचा असे.

पण बोअर एकदा मारला की तो तिथेच असतो. पुढची वीस वर्षं वरच्या पंपाची असतात. त्या भागात दोन जातींचे हातपंप होते. एक इंडिया मार्क टू. 1970च्या दशकात युनिसेफच्या पाठबळाने भारतात घडलेला. त्याची मुळं सोलापूर आणि जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी घडवलेल्या पंपांत आहेत. ही गोष्ट मी तिथल्या एका मेकॅनिकला मोठ्या कौतुकाने सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि विचारलं, राइझर पाइप, म्हणजे बोअरमधून पाणी वर आणणारे, तिकडे स्वस्त मिळतात का? त्याचं बरोबर होतं. मार्क टू दणकट आहे, पण खालचा पिस्टन काढायचा तर जस्ताचा मुलामा दिलेले जड लोखंडी पाइप एकेक करून वर ओढावे लागतात. त्यासाठी तिवई, पकडी आणि चार-पाच माणसं हवीत. शिवाय भूजल आम्लधर्मी असेल तर पाइप गंजतात, पाणी तांबूस येतं, कपड्यांना डाग पडतात आणि लोक तो पंप सोडून पुन्हा नदीपात्रातल्या झऱ्यावर जातात. दुसरा ॲफ्रिडेव्ह. 1980च्या दशकात, आंतरराष्ट्रीय पेयजल दशकाच्या धामधुमीत, मलावी आणि केनियात विकसित झालेला. प्लॅस्टिकचे पाइप, आणि पिस्टन पाइपाच्या आतूनच वर काढता येतो. दोन-तीन जणी थोड्याशा हत्यारांनिशी तो उघडू शकतात. त्याची मर्यादा खोलीची. साधारण 45 मीटरच्या पुढे तो चालत नाही.

म्हणजे पंप गावातच दुरुस्त व्हावा ही कल्पना नवी नाही, तिला चाळीस वर्षं झाली. तरीही 2009 साली ग्रामीण पाणीपुरवठ्यातल्या एका जागतिक जाळ्याने उपसहारा आफ्रिकेतल्या हातपंपांची बेरीज केली, तेव्हा कोणत्याही एका वेळी सुमारे 36 टक्के पंप बंद असतात असा अंदाज निघाला. का, याचं निम्मं उत्तर मला जिल्ह्याच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात मिळालं. दुकानदार सायकलीचे, मोटारसायकलींचे सुटे भाग विकायचा. पंपाचे वॉशर, बेअरिंग, रॉड त्याने पूर्वी ठेवले होते आणि मग बंद केले. कारण आमच्यासारख्या संस्था दर कार्यक्रमात सुट्या भागांचे संच फुकट वाटत. तीन वर्षं कुणी दुकानात फिरकत नसे. संस्था गेली, संच संपले की लोक येत. तोवर त्याच्याकडे माल नसे. माल आणावा म्हटलं तर पुढची संस्था आलेली असे.

आमच्याही बजेटमध्ये फुकट संच होते. ते काढून त्या पैशांतून वस्ती-समित्यांना निम्म्या किमतीची कूपनं द्यायची आणि ती याच दुकानात चालतील असं करायचं, एवढाच बदल आम्हाला हवा होता. डोनरच्या नियमांत खाजगी व्यापाऱ्याच्या फायद्याचा प्रश्न आला. एकाच दुकानाला का, टेंडर का नाही, असंही विचारलं गेलं. जिल्ह्यात दुसरं दुकानच नव्हतं. हे सिद्ध करण्यासाठी तीन कोटेशनं मागवणारी जाहिरात द्यावी लागली, तिला एकच उत्तर आलं, मग ‘एकमेव निविदा’ म्हणून खुलाशाचं टिपण, मग मुख्यालयाची मंजुरी. यात एक अख्खा पावसाळा गेला. कूपनं सुरू झाल्यावर दुकानदाराने पहिल्यांदा विचारलं ते हे: तुम्ही कधी जाणार? तारीख कळली तर त्याला माल किती भरायचा ते ठरवता येणार होतं. इतका सरळ प्रश्न आम्हाला त्या कार्यक्रमात दुसऱ्या कुणी विचारला नाही.

समित्यांच्या वर्गणीतही कॅलेंडरच आडवं आलं. पुस्तकी पद्धत म्हणजे दरमहा घरटी ठरावीक रक्कम. पाऊस पडला की खोलगट जागी तळी साचतात, जनावरं तिथेच पाणी पितात, आणि पंपाकडे कुणी बघत नाही. मग त्या महिन्याचे पैसे कोण देईल? आमच्या मासिक अहवालात ‘वर्गणी भरणारी कुटुंबं’ हा निर्देशांक दर पावसात कोसळायचा आणि मुख्यालयातून काळजीची ईमेल यायची. एका समितीने स्वतःच वेगळा मार्ग काढला. पावसात काही घ्यायचं नाही. कोरड्या महिन्यांत जनावरामागे घ्यायचं, आणि बकरी विकली की तिच्या पैशांतून एक छोटा वाटा. खजिनदार बाई लिहिता-वाचता न येणारी होती. हिशेब ती खड्यांनी ठेवायची आणि आठवड्यातून एकदा शाळेतला मुलगा तो वहीत उतरवायचा. ऑडिटरला ती वही फारशी पटली नाही. पण आमच्या सगळ्या समित्यांत तिच्याकडेच पंपाच्या दुरुस्तीला पुरेल इतका पैसा होता.

दुसऱ्या वर्षी धाकटा पाऊस आलाच नाही. अंदाज आधीपासून होते. हवामानाची प्रादेशिक भाकितं, चाऱ्याचे उपग्रह नकाशे, बाजारातले बकऱ्यांचे भाव, सगळं एकाच दिशेने बोट दाखवत होतं. अशा वेळी काय करायचं हे शास्त्र आता चांगलं माहीत आहे. जनावरं अजून धडधाकट असताना व्यापाऱ्यांना वाहतुकीची मदत देऊन बाजारात आणायचं, म्हणजे कुटुंबांना बरा भाव मिळतो. उरलेल्या गाभण आणि दुभत्या जनावरांना चारा द्यायचा, लसी टोचायच्या. आणीबाणीतल्या पशुधनासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं 2009 सालीच प्रसिद्ध झाली आहेत. अडचण वेळेची आहे. जनावर विकण्यायोग्य असतं ते आठवडे मोजकेच. आमच्याकडे त्या आठवड्यांत बँकेत पैसे होते, पण ते शौचालयांच्या ओळीत होते. ओळ बदलायला करारात दुरुस्ती लागते. दुरुस्तीसाठी संकट आहे हे दाखवावं लागतं. संकट दाखवायला कुपोषणाचा सर्व्हे लागतो, आणि कुपोषण मोजण्याइतकं वाढतं तेव्हा जनावरं मेलेली असतात.

सोमालियात 2011 साली हेच प्रचंड प्रमाणावर झालं. इशारे 2010च्या शरदापासून येत होते. दुष्काळ जाहीर झाला 20 जुलै 2011ला, आणि मोठा निधी त्यानंतर वाहू लागला. 2013 साली आलेल्या अभ्यासाने त्या आपत्तीतल्या जादा मृत्यूंचा अंदाज सुमारे 2 लाख 58 हजार असा दिला. निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुलं. एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे दुष्काळ जाहीर होण्याआधीच झालेले होते. तिथे अडथळे फक्त कागदी नव्हते. युद्ध होतं, मदतीच्या मार्गावर बंदुका होत्या, दहशतवादविरोधी कायद्यांची भीती होती. तरी पैशाच्या वेळेचा भाग त्यात मोठा होता.

यावर उपायही सापडलेला आहे. इथिओपियातल्या पशुपालकांच्या कार्यक्रमांमध्ये तो वापरला गेला: करारातच अशी कलमं, की ठरलेले इशारे मिळाले की विकासाच्या बजेटचा काही हिस्सा झटपट आणीबाणीच्या कामाकडे वळवता येईल. इंग्रजीत त्याला ‘क्रायसिस मॉडिफायर’ म्हणतात. आमच्या करारात असं कलम नव्हतं. दुरुस्तीची मंजुरी आली तेव्हा व्यापारी जनावरं घेईनासे झाले होते, आणि आम्ही त्या पैशांतून टँकरने पाणी वाटलं. पाणीवाटपाचे फोटो छान आले.

विस्थापित कुटुंबं गावाच्या कडेला येऊन राहिली आणि कामाचं स्वरूप बदललं. इथे मानकं आहेत, आणि ती असणं किती मोलाचं ते अशा वेळी कळतं. 1994 साली रवांडातून शेजारच्या, आताच्या काँगोतल्या, गोमाला पळून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलऱ्याने काही आठवड्यांत हजारोंनी माणसं गेली. त्या मदतकार्याच्या कठोर मूल्यमापनानंतर 1997 साली मदतीची किमान मानकं ठरवणारा स्फीअर प्रकल्प उभा राहिला. माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त 250 माणसं, सर्वांत जवळचा नळ 500 मीटरच्या आत, 20 जणांमागे एक शौचालय. हे आकडे हातात असले की रात्री दोन वाजताही काय मागायचं ते ठरलेलं असतं. मात्र आमचं ‘माणशी 15 लिटर’ हे टाक्यांत ओतलेलं पाणी भागिले नोंदलेली माणसं एवढंच होतं. नळाजवळच्या झोपड्यांत त्याच्या दुप्पट जाई, टोकाच्या झोपड्यांत निम्मंही नाही. क्लोरीनचंही तसंच. नळाला मोजलं की ठीक, घरातल्या कॅनमध्ये दुपारपर्यंत जवळजवळ शून्य. उष्णतेत ते उडून जातं. म्हणून आमच्या मोजणाऱ्या मुली नळाऐवजी झोपडीतल्या कॅनशी जाऊ लागल्या, आणि पहिला महिनाभर आमचे आकडे शेजारच्या संस्थेपेक्षा वाईट दिसत राहिले.

रोख मदतीचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात वाद आता फारसा उरलेला नाही. अमेरिकी अन्नमदतीतलं किमान निम्मं धान्य अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतूनच जावं असा कायदा आहे; जहाजावरचं धान्य पोहोचायला कित्येक महिने लागतात. बाजारात धान्य मिळत असेल तर मोबाइलवर पैसे पाठवणं केव्हाही चांगलं. 2015 सालच्या एका अंदाजानुसार मानवतावादी मदतीतला रोखीचा आणि कूपनांचा वाटा सुमारे 6 टक्के होता, पुढच्या काही वर्षांत तो पाचव्या हिश्श्याच्या आसपास गेला. अडचणी वेगळ्या असतात: सिम नवऱ्याच्या नावावर, ओळखपत्र कुणाकडेच नाही, एजंटकडे नोटा संपलेल्या.

रोख मदत कुणाला मिळणार याची यादी हा मात्र खरा वादाचा मुद्दा. यादी वडीलधाऱ्यांच्या सभेत झाली, सगळ्यांसमोर वाचून दाखवली गेली, कुणी हरकत घेतली नाही. प्रत्येक केंद्रावर तक्रारपेटी होती, चावी आमच्याकडे. पेट्या रिकाम्या निघायच्या आणि अहवालात ‘तक्रारी: 0’ हिरव्या चौकटीत जायचं. ते हिरवं शून्य बघून मला अस्वस्थ वाटायचं. 2002 साली यूएनएचसीआर ही संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था आणि सेव्ह द चिल्ड्रन यांच्या अहवालाने पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांमध्ये मदत कर्मचाऱ्यांकडूनच होणारं मुलींचं शोषण उघड केलं, तेव्हाही त्या छावण्यांत तक्रारींचा पूर आलेला नव्हता. आमच्या एका स्थानिक सहकारी बाईंनी मग वेगळं केलं. गाडी नाही, संस्थेचं जॅकेट नाही, वही नाही. त्या पाणी भरायला येणाऱ्या बायकांबरोबर रांगेत बसू लागल्या. दोन आठवड्यांत कळलं की यादीत धाकट्या बायकांची, म्हणजे एकाच नवऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या पत्नींची, घरं नव्हती, कारण नोंद नवऱ्यामागे एकच झाली होती. नव्याने आलेल्या कुळांची नावं गाळली होती. आणि नाव घालून देतो म्हणून एकजण पैसे घेत होता. त्या वर्षी तक्रारींचा आकडा शून्यावरून एकदम वर गेला. डोनरच्या भेटीत पहिला प्रश्न आला: परिस्थिती बिघडली का?

वर्षअखेरीच्या खर्चाबद्दल या क्षेत्रातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. खर्च मागे पडला की पुढच्या वर्षी कात्री, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात कार्यशाळा, छपाई आणि लॅपटॉप. आमच्याही झाल्या. बाहेरच्यांना हे उधळपट्टीचं लक्षण वाटतं. आतून पाहिलं तर तो बारा महिन्यांचं काम सात महिन्यांत बसवण्याचा हिशेब असतो.

अधिक बोचणारी गोष्ट भागीदार संस्थेची. निम्मं काम एक स्थानिक संस्था करत होती, तेही जिथे आमची गाडी सुरक्षेच्या नियमांमुळे जाऊ शकत नव्हती अशा भागात. आम्हाला प्रत्यक्ष खर्चावर 7 टक्के व्यवस्थापन खर्च मिळे. त्यातून ऑफिसचं भाडं, लेखापाल, विमा. त्यांना मिळे शून्य. त्यांचा लेखापाल तीन प्रकल्पांच्या तुकड्यांवर जगायचा, आणि एक प्रकल्प संपला की त्याचा एक तृतीयांश पगार जायचा. 2016 साली इस्तंबूलच्या शिखर परिषदेत मोठ्या डोनरांनी आणि संस्थांनी वचन दिलं होतं की 2020पर्यंत मानवतावादी निधीतले 25 टक्के शक्य तितक्या थेट स्थानिक संस्थांकडे जातील. ती मुदत उलटली. थेट पोहोचणारा वाटा आजही त्याच्या जवळपास नाही. कारण म्हणून नेहमी ‘जोखीम’ सांगितली जाते. प्रत्यक्षात धोक्याच्या रस्त्यावरून जाणारी माणसं त्यांची असतात. त्या 7 टक्क्यांतला वाटा त्यांना द्यावा असा प्रस्ताव मी आमच्याच संस्थेत मांडला. तो मंजूर होईपर्यंत कार्यक्रमाचे सहा महिने उरले होते.

ऑडिटमध्ये गाढवांच्या भाड्याची बिलं अडकली. वाळूच्या पट्ट्यात पाइप गाढवांवरून गेले होते, मालकांनी अंगठे उठवले होते, ऑडिटरला मात्र शिक्का हवा होता. पुढच्या फेरीत सगळ्या गाढवमालकांकडे रबरी शिक्के होते. बाजारात शिक्के बनवणाऱ्याचा धंदा त्या वर्षी तेजीत होता.

हा कार्यक्रम निदान ठरलेल्या तारखेला संपला. सामानाची यादी झाली, मोटारसायकली भागीदार संस्थेकडे गेल्या, समित्यांशी शेवटच्या बैठका झाल्या, पंपांची यादी पाणी खात्याच्या त्याच जाड वहीत उतरवली गेली. आमचा तंत्रज्ञ खात्यात परतला नाही; दुसऱ्या संस्थेत गेला. त्यानंतर जानेवारी 2025मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा दुसऱ्या एका कामात मी वेगळा शेवट पाहिला: शुक्रवारी काम, सोमवारी थांबवण्याचा आदेश. मार्चमध्ये यूएसएडचे 83 टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि 1 जुलैपासून ती संस्थाच परराष्ट्र खात्यात विलीन झाली. बंद करण्याच्या कामालाही बजेट लागतं, हे तेव्हा सगळ्यांना एकदम कळलं: गोदामातल्या औषधांची मुदत, अर्धवट खणलेले खड्डे, रुग्णांच्या नोंदी, ड्रायव्हरांचे थकलेले पगार.

त्या जुन्या जिल्ह्यातून अधूनमधून फोन येतो. दुकान चालू आहे, पण पंपाच्या भागांवर नव्हे, मोटारसायकलींवर. पंपाचे वॉशर एका खोक्यात असतात आणि महिन्याला थोडेफार जातात. खड्यांनी हिशेब ठेवणाऱ्या बाईंच्या वस्तीवरचा पंप चालतो. वाळूच्या पट्ट्यापलीकडचे काही बंद आहेत. किती, ते कुणी मोजलेलं नाही.

सध्या एका नव्या प्रस्तावावर काम चालू आहे, वेगळा देश, तसाच मुलूख. सहा महिन्यांचा तयारीचा टप्पा डोनरने मान्य केला. संकटाच्या वेळी 10 टक्के निधी वळवण्याचं कलमही आलं, फक्त इशाऱ्यांमध्ये बकऱ्यांचे भाव धरायचे की नाही यावर चर्चा अडली आहे. दोन्ही सर्वेक्षणं एकाच हंगामात, ही ओळ कुणी हटकली नाही. चौथी मागणी होती ती कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनी तिथे परत जाऊन पंप मोजण्याच्या खर्चाची. बजेटमध्ये ती सर्वांत छोटी ओळ आहे. तिच्यासमोर डोनरच्या वित्त विभागाने शेरा मारला आहे की कराराची मुदत संपल्यानंतरचा खर्च अपात्र. उत्तर द्यायला माझ्याकडे शुक्रवारपर्यंत वेळ आहे.